ऋणकोचे नाव

देवळात अभिषेकाला बसलेला यजमान संकल्पाच्या वेळी आपले नाव व गोत्र सांगतो. गोत्र ठाऊक नसेल तर पुरोहित काश्यप गोत्राचा उच्चार करून कार्य पुढे चालवितो. आणि नावाच्या जागी घरातले लाडके नाव तोंडून गेले, म्हणून पूजा देवाला पोचली नाही असे कोणी मानीत नाही. पण तोच यजमान महाजन या नात्याने मत द्यावयास आला म्हणजे गोष्ट पालटते. गोमंतकातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीने बांधलेला आहे, आणि तेथे महाजनांच्या नोंदवहीत काय लिहिले आहे ते आधी पाहिले जाते. देवाला माणसाची ओळख असते. वहीला अक्षरांखेरीज दुसरी ओळख नसते. या एका भेदामुळे कर्ज व तारण यांच्या व्यवहारात केवढा वाद माजू शकतो, हे अमेरिकेच्या कायद्याच्या इतिहासावरून उत्तम समजते. तोच येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

या कथेचे मूळ इंग्लंडात आहे. हँपशर परगण्यातील पिअर्स नावाचा एक गृहस्थ ट्वाइन नावाच्या धनकोचे ४०० पौंड आणि दुसऱ्या एकाचे २०० पौंड देणे लागत होता. दुसऱ्या धनकोने दावा लावताच पिअर्सने आपली ३०० पौंडांची सारी चीजवस्तू गुपचूप ट्वाइनच्या नावे करून दिली. वस्तू मात्र त्याच्याच घरी राहिल्या. मेंढ्यांची लोकर तोच कातरीत होता आणि त्यांच्यावर खूणही आपलीच उमटवीत होता. १६०१ साली न्यायालयाने हा व्यवहार कपटाचा ठरविला. मालक एक व वहिवाटदार दुसरा अशी स्थिती गुप्त राहिली, तर समोर दिसणाऱ्या संपत्तीवर विश्वासून कर्ज देणारा तिसरा माणूस नाडला जातो, हे त्या निकालाचे मर्म होय.

मग वस्तू ऋणकोच्या ताब्यात ठेवून तिच्यावर कर्ज द्यावयाचेच नाही काय? तसे केले तर शेतकऱ्याला नांगर गहाण ठेवून तो चालविता येणार नाही आणि कारखानदाराला यंत्र तारण देऊन ते फिरविता येणार नाही. यावर तोड निघाली ती जाहीर नोंदणीची. तारणाची वार्ता सरकारी दप्तरात नोंदवावी, म्हणजे पुढे कर्ज देणाऱ्याने दप्तर पाहावे आणि सावध व्हावे. अमेरिकेतील संस्थानांनी एकोणिसाव्या शतकात जंगम गहाणांसाठी अशा नोंदणीचे कायदे केले.

येथे स्थावर व जंगम यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. जमीन जागची हलत नाही. पोर्तुगीज अमदानीत गोमंतकात जी भूनोंदणी झाली, तिच्यात प्रत्येक जमिनीचे वर्णन स्वतंत्र क्रमांकाखाली लिहिलेले असे आणि तिच्यावरील बोजा त्या क्रमांकाशी जोडला जाई. मालकाच्या नावाचे लेखन थोडे चुकले तरी जमीन सापडत असे. पण ट्रॅक्टर, गुरे, गोदामातील माल आणि यावयाची येणी यांना असा ठाव नसतो. ती आज येथे असतात, उद्या दुसरीकडे. कित्येक तर कर्ज घेताना अस्तित्वातही आलेली नसतात. म्हणून अशा तारणाची सूची वस्तूंच्या क्रमाने लावता येत नाही, ती ऋणकोच्या नावाने लावावी लागते. एकदा हे ठरले की नाव हीच त्या साऱ्या दप्तराची किल्ली होऊन बसते.

अमेरिकेत संस्थानागणिक निराळे कायदे आणि तारणाच्या प्रकारागणिक निराळी दप्तरे असा गोंधळ बराच काळ चालला. त्यातून वाट काढण्यासाठी कार्ल लुएलिन या विद्वानाच्या नेतृत्वाखाली ‘युनिफॉर्म कमर्शियल कोड’ ही समान व्यापारसंहिता तयार झाली. तिचे नववे प्रकरण तारणासंबंधी असून त्याच्या रचनेत ग्रँट गिलमोर व अ‍ॅलिसन डनहॅम यांचा मोठा वाटा होता. पेनसिल्व्हेनियाने ही संहिता प्रथम स्वीकारली व ती तेथे १९५४ साली अमलात आली. तिच्यानुसार धनकोने सबंध करारपत्र दप्तरी ठेवण्याचे कारण उरले नाही. ऋणकोचे नाव, धनकोचे नाव आणि तारणाचे स्वरूप एवढे सांगणारी लहानशी सूचना पुरे झाली. तिचा प्रभाव सामान्यतः पाच वर्षे टिकतो.

नाव चुकले तर काय? जुना नियम उदार होता. चूक किरकोळ असावी आणि तिने गंभीर दिशाभूल होऊ नये, एवढेच पाहिले जाई. तेव्हा कारकून हाताने सूची चाळीत असे. जवळपासचे नाव दिसले तर तोही थबके आणि चौकशी करी. परंतु किती जवळचे नाव पुरे, याबद्दल प्रत्येक न्यायाधीशाचे मत निराळे पडू लागले, आणि शोध यंत्राकडे गेल्यावर तर हा मानवी विवेक मधूनच नाहीसा झाला. म्हणून २००१ साली अमलात आलेल्या सुधारित प्रकरणात कसोटी बदलण्यात आली. ऋणकोचे खरे नाव घालून दप्तराच्या ठराविक शोधपद्धतीने शोध केला असता ती सूचना हाती लागली तर चूक क्षम्य. न लागली तर सूचना निष्फळ. बहुतेक ठिकाणची शोधपद्धती विरामचिन्हे, लहानमोठी अक्षरे आणि कंपनीच्या नावामागील ठराविक शेपटे यांकडे दुर्लक्ष करते. त्यापलीकडे ती दया दाखवीत नाही.

या नियमाची धार कॅन्ससमधील एका शेतकऱ्याच्या प्रकरणात दिसून आली. त्याचे खरे नाव टेरन्स. पण शेतीची अवजारे उधार देणाऱ्या कंपनीने सूचनेत ‘टेरी’ असे रूढ लघुनाम लिहिले. शेतकऱ्याचे दिवाळे निघाले. प्रथम निकाल कंपनीसारखा लागला. परंतु २००४ साली वरच्या न्यायपीठाने तो फिरविला, कारण खऱ्या नावाने शोधले असता ती नोंद सापडत नव्हती. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. कर्ज बुडाले नाही व करारही खोटा ठरला नाही. गेले ते इतर धनकोंच्या पुढे उभे राहण्याचे स्थान. पण दिवाळखोराच्या दारात तेच स्थान सर्वस्व असते.

मग माणसाचे ‘खरे’ नाव कोणते? जन्मदाखल्यावरचे, विवाहानंतरचे, की सहीतले? या प्रश्नाने धनको त्रस्त झाले, तेव्हा २०१० साली दुरुस्ती सुचविण्यात आली आणि २०१३ पासून बहुतेक संस्थानांनी असे ठरविले की, वाहन चालविण्याचा चालू परवाना असेल तर त्यावरील नाव हेच ऋणकोचे नाव. कंपनीच्या बाबतीत तिच्या स्थापनेच्या सरकारी कागदावरील नाव प्रमाण. तरीही वाद सरला नाही. फ्लॉरिडातील एका बँकेने ऋणको कंपनीच्या नावातील ‘बूलेव्हार्ड’ हा शब्द संक्षेपाने लिहिला. तेथील दप्तर नेमके उत्तर देण्याऐवजी वर्णानुक्रमे आगेमागेची नावे दाखवीत असे. ही ‘ठराविक शोधपद्धती’च नव्हे, म्हणून क्षमेची सवलतही नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. म्हणजे दप्तराची उणीव आणि शिक्षा बँकेला!

आम्हा गोमंतकीयांना या प्रश्नाचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. एकाच कुलदेवतेपुढे उभे राहणारे भाऊबंद, पण कागदावर एक प्रभू तर दुसरा पोरोबो, एक कामत तर दुसरा कामोतीं, ही पोर्तुगीज लेखनाची देणगी आम्ही अनुभवलेली आहे. नावे व आडनावे बदलण्यासाठी गोव्याला १९९० साली स्वतंत्र कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांची नावे तेथील परवान्यावर मधले पद पुढेमागे होऊन उमटली, तर त्यांच्या दुकानाच्या तारणाची नोंद त्याच रूपात पाहावी लागते. भारतातही तारणांची केंद्रीय नोंदणी २०११ पासून सुरू झाली आहे आणि प्रत्येक कंपनीला स्वतंत्र ओळखक्रमांक आहे. केवळ नावावर विसंबण्याचा धोका आपल्याकडेही ओळखला गेला, असेच म्हणावे लागेल.

हा नियम कठोर आहे काय? आहे. एका संक्षेपापायी प्रामाणिक धनकोचे तारण जावे, हे मनाला रुचत नाही. पण दुसरी बाजूही पाहावी. जो अनोळखी माणूस उद्या दप्तर उघडून, नोंद न सापडल्यामुळे निश्चिंत मनाने कर्ज देणार आहे, त्याने ‘टेरी’चा अंदाज कसा बांधावा? लिहिणाऱ्यापुढे ऋणको प्रत्यक्ष बसलेला असतो. त्याचा परवाना मागून घेणे त्याला सहज शक्य असते. शोधणाऱ्याजवळ केवळ वही असते. चुकीचा भार जो ती टाळू शकतो त्याच्यावर पडावा, हाच न्याय होय. आपले जुने कर्जरोखे लिहिणारे ‘अमुक बिन तमुक’ असे बापाच्या नावासह माणसाला बांधून घेत, त्यामागेही हेच शहाणपण होते. भक्तीत भाव पुरेसा असेल. पण जेथे तिसऱ्याचा विश्वास पणाला लागतो, तेथे अक्षरही जपावे लागते.