साखरेचा आकडा कोणाच्या हातात?

"शुगर किती आली?" हा प्रश्न हल्ली "जेवलात का?" इतक्या सहज विचारला जातो. लग्नात जिलबी नाकारताना लोक आपले आकडे ऐकवतात, फास्टिंगचा आणि पीपीचा, दोन्ही! पण मंडळी, आपला आकडा आपल्याला घरबसल्या कळणे ही गोष्ट किती नवी आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञान नव्हे. त्यामुळे यातल्या रसायनापेक्षा तो आकडा कोणत्या काळी कोणाच्या हातात होता, याचेच मला कुतूहल.

मधुमेह आपल्या चरक-सुश्रुतांना ठाऊक होता. रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, ही आपल्याकडची जुनी खूण. युरोपात वैद्य लघवी चक्क चाखून पाहत (त्या काळी वैद्य होणे सोपे नव्हते!). १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टरने लघवी आटवून दाखवली. खाली उरली ती साखर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाचे निळे द्रावण आले आणि ते पुढे आमच्यासारख्या घरांतही पोचले. आमचे थोरले बंधू अण्णा रोज सकाळी मागच्या पडवीत स्पिरिटचा दिवा पेटवून बसत. परीक्षानळीत निळे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळी. निळे राहिले तर उत्तम. हिरवे, पिवळे, नारिंगी असे चढत चढत विटकरी झाले, की अण्णांचा चेहरा उतरे आणि वहिनी चहातली साखर बंद करी. आम्हां मुलांना मात्र तो रंगांचा खेळ वाटे.

या परीक्षेत एक गोम होती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे कळायचे ते मागच्या काही तासांचे, आणि तेही ढोबळ. साखर धोकादायक खाली गेली तर नळी निळीच राहणार! जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले आणि मरणाच्या दारातली मुले जगू लागली. पण औषध किती टोचायचे, हा हिशेब पुढची कित्येक वर्षे असा अंधारातच चालला.

१९५६ मध्ये हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याच्या संशोधनातून नुसती बुडवून रंग पाहायची पट्टी आली. स्पिरिटचा दिवा गेला. साठीच्या दशकात रक्ताच्या थेंबासाठी तशीच पट्टी निघाली आणि १९७० च्या सुमारास तिचा रंग वाचून आकडा सांगणारे यंत्रही. वजन सव्वा किलोच्या वर, किंमत सुमारे ६५० डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना व रुग्णालयांना.

इथे मला आवडणारा माणूस येतो. रिचर्ड बर्नस्टाईन. पेशाने इंजिनिअर, वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेही, आणि तरुणपणीच शरीराची पुष्कळ हानी झालेला. त्याला यंत्र मिळेना. पण त्याची पत्नी डॉक्टर होती! तिच्या नावावर त्याने ते घेतले, दिवसातून पाच-सहा वेळा रक्त तपासायला लागला, आणि त्यावरून खाणे व इन्सुलिन यांची सांगड घातली. तब्येत सुधारली. हे त्याने लिहून काढले, तर वैद्यकीय नियतकालिके छापायला तयार होईनात. इंजिनिअरचे कोण ऐकणार? मग या गृहस्थाने पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि डॉक्टर होऊन दाखवले! २०२५ मध्ये, नव्वदी गाठून, ते गेले.

१९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १४४१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले की साखर काटेकोर सांभाळली तर डोळे आणि मूत्रपिंडे वाचतात. अशी काटेकोर राखण रुग्णाने स्वतः तपासल्याशिवाय होत नाही, हे उघड आहे.

आता दंडावर चिकटवायचा नाण्याएवढा सेन्सर आला आहे. केसासारखी तार कातडीखाली राहते. तिच्यावरच्या एन्झाइममुळे साखरेची विजेच्या सूक्ष्म प्रवाहातून मोजणी होते; ही कल्पना लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेली. ती तार रक्त मोजत नाही, पेशींभोवतीचा द्रव मोजते, म्हणून आकडा काही मिनिटे मागे असतो. घाम फुटला, हातपाय कापू लागले आणि फोन मात्र सगळे ठीक म्हणत असेल, तर बोट टोचून पाहावे. गंमत म्हणजे १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले असले पहिले यंत्र रुग्णाला काहीच दाखवत नसे. तीन दिवसांनी डॉक्टरच ते वाचत. २०१४ मध्ये युरोपात दोन आठवडे टिकणारा आणि रुग्णाला स्वतः वाचता येणारा सेन्सर आला. आपल्याकडे एकेकाला काही हजार रुपये पडतात. ज्याला दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावे लागते अशा गरीब घरच्या मुलाला तो परवडत नाही, आणि खरी गरज त्यालाच.

आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ आहेत. त्यांच्या दंडावर तो सेन्सर, आणि आकडा लंडनमधल्या मुलीच्या फोनवर. मे महिन्यात त्यांनी आमरसाची दुसरी वाटी घेतली. पाऊण तासात फोन खणखणला. "बाबा, काय खाल्लंत?" दुसऱ्या दिवशी ते मला विचारायला आले, मुलीला आकडा जाणे बंद करता येते का? मी म्हटले, येते की, पण मग दुपारचा फोनही बंद होईल. ते जरा वेळ गप्प बसले आणि चहा पिऊन गेले. आकडा अजून लंडनला जातो आहे.