अंगकोरच्या वेशीवरील गाव

कंबोडियातील सिएम रीप या गावी उतरणारा प्रवासी बहुधा त्या गावासाठी आलेला नसतो. त्याचे चित्त उत्तरेस सहा-सात किलोमीटरांवर असलेल्या अंगकोर वाटच्या पाच शिखरांत गुंतलेले असते. रात्र गावात काढावी, पहाटेच्या अंधारात निघावे, शिखरांमागून उगवणारा सूर्य पाहावा आणि दोन-तीन दिवसांत जमतील तेवढी देवालये पाहून परतावे, असा त्याचा क्रम. गाव त्याच्या लेखी केवळ धर्मशाळा. परंतु अंगकोरचा इतिहास नीट समजून घ्यावयाचा असेल, तर या धर्मशाळेची विचारपूस आधी केली पाहिजे. ज्यांनी ही देवालये शतकानुशतके राखली, त्यांची वस्ती याच परिसरात आहे.

गावाच्या मधून त्याच नावाची लहानशी नदी वाहते. कुलेन डोंगरावर तिचा उगम. तेथे तिच्या पात्रातील खडकांवर कित्येक शिवलिंगे कोरलेली आहेत. त्यांच्यावरून वाहत आलेले पाणी देवालयांजवळून व गावातून जाऊन दक्षिणेस तोनले साप या विशाल सरोवरास मिळते. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला म्हणजे या सरोवराचे पाणी वाहून नेणारी नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर आपल्या उन्हाळी आकाराच्या कितीतरी पट पसरते. त्या पाण्याबरोबर मासळी येते, आणि पाणी ओसरले म्हणजे गाळाची जमीन भातासाठी मोकळी होते. भात आणि मासळी या जोडीवर एक साम्राज्य सहा शतके पोसले गेले. गोमंतकीयांना या जोडीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

त्या साम्राज्याचा आरंभ परंपरेने इ. स. ८०२ पासून धरतात. त्या वर्षी दुसऱ्या जयवर्म्याने कुलेन डोंगरावर, म्हणजे त्या काळच्या महेंद्रपर्वतावर, स्वतःस सार्वभौम राजा म्हणून घोषित केले. नवव्या शतकाच्या अखेरीस यशोवर्म्याने अंगकोर येथे यशोधरपूर वसविले. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने अंगकोर वाट हे विष्णूचे महामंदिर उभारले. त्याच्या ओवऱ्यांतून फिरताना मराठी माणसास कोणा वाटाड्याची गरज भासू नये. समुद्रमंथन, कुरुक्षेत्र, लंकेचे युद्ध, यमाचा दरबार हे सारे तेथे पाषाणात उभे आहे. त्याच शतकाच्या अखेरीस बौद्ध राजा सातवा जयवर्मा याने बायोन हे देवालय बांधले. त्याच राजाच्या ता प्रोहम या देवालयातील ११८६ सालचा शिलालेख फार बोलका आहे. त्या एका देवालयाच्या सेवेस ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे नेमल्याची नोंद त्यात आहे. देवालय दगडाचे होते खरे. परंतु ते उभे होते खेड्यांच्या खांद्यावर.

ही खेडी लाकडाची, बांबूची आणि पानांची होती. ख्मेर रीतीप्रमाणे दगडी इमारत देवाची, राजवाडासुद्धा लाकडाचाच. त्यामुळे माणसांची घरे काळाच्या उदरात गडप झाली आणि देवांची तेवढी उरली. २०१२ साली हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांच्या साहाय्याने या भूमीची पाहणी झाली, तेव्हा झाडीखाली लपलेले रस्ते, कालवे, तळी आणि घरांचे चौथरे आखीव पटासारखे उघडे झाले. ज्याला अरण्यातील एकाकी मंदिरांचा समूह समजत, ते एक अफाट पसरलेले नगर होते.

१४३१ च्या सुमारास अयुथ्थयाच्या सयामी सैन्याने राजधानी जिंकली व पुढे राजदरबार दक्षिणेस सरकला, असे परंपरा सांगते. येथून पुढची कथा युरोपात निराळ्या रीतीने रूढ झाली. अरण्याने नगर गिळले, जग ते विसरले, आणि १८६० साली आँरी मुओ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याचा शोध लावला, अशी ती कथा होय. मुओ १८६१ साली लाओसच्या अरण्यात तापाने वारला. त्याची टिपणे मरणोत्तर प्रसिद्ध झाली आणि त्यांनी युरोपला वेड लावले. तथापि मुओच्या आधी दहा वर्षे, १८५० साली, बुईव्हो नावाचा फ्रेंच मिशनरी तेथे जाऊन आला होता. मुओला स्वतःलाही तेथे ओसाड अरण्य आढळले नाही. अंगकोर वाटच्या आवारात बौद्ध भिक्षूंचा मठ नांदत होता.

मागे गेल्यास पुरावा अधिकच दाट होत जातो. सोळाव्या शतकाच्या मध्यास कंबोडियाच्या राजाने अंगकोर वाटच्या ईशान्येकडील ओवरीत अपुरे राहिलेले शिल्पपट पुरे करविले. १६३२ साली एका जपानी यात्रेकरूने मंदिराच्या खांबावर शाईने आपल्या यात्रेची नोंद केली. ती तेथे सापडते. काही जपानी यात्रेकरू तर या स्थळाला भगवान बुद्धांचे जेतवन समजत. विष्णूचे मंदिर बुद्धाचे झाले, पण दिवा विझला नाही.

याच पुराव्याचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. १५८० नंतरच्या दशकात आंतोनियो दा मादालेना हा फ्रान्सिस्कन परंपरेतील पोर्तुगीज संन्यासी कंबोडियात गेला आणि त्याने अंगकोर पाहिले. त्याच्याकडून ऐकलेला वृत्तान्त दिओगो दो कोतो याने लिहून ठेवला. हा कोतो म्हणजे गोव्यातील पोर्तुगीज दफ्तरखान्याचा रक्षक व राजनियुक्त इतिहासकार. तटबंदीभोवतीचा खंदक, त्यावरील पूल आणि पुलांचे कठडे धरून बसलेले पाषाणाचे राक्षस यांचे त्याने केलेले वर्णन आज अंगकोर थॉमच्या वेशीत उभे राहून ताडून पाहता येते. मादालेना १५८९ साली आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्याजवळ जहाज फुटून गेला. कोतो १६१६ साली गोव्यात निवर्तला. त्याचे हे प्रकरण मात्र छापले गेलेच नाही. ते लिस्बनच्या दफ्तरात पडून राहिले आणि चार्ल्स बॉक्सर यांना सापडल्यावर १९५८ साली फ्रेंच संशोधक ग्रोलिये यांनी ते प्रसिद्धीस आणले. अंगकोर विस्मृतीत गेले होते असे म्हणण्यापेक्षा, त्याची वार्ता असलेले कागद विस्मृतीत गेले होते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

सिएम रीप या नावाचा अर्थ 'सयामचा पराभव' असा लोक सांगतात. परंतु दैवाचा खेळ असा, की अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हा प्रांत सयामच्याच ताब्यात होता. १९०७ च्या तहाने तो फ्रेंचांच्या संरक्षणाखालील कंबोडियास परत मिळाला आणि लगेच देवालयांच्या जतनाचे कार्य सुरू झाले. पहिले संरक्षक जाँ कोमाय यांचा १९१६ साली मजुरांच्या पगाराचे पैसे नेताना दरोडेखोरांनी खून केला; त्यांची समाधी बायोनजवळ आहे. या कार्याची कीर्ती संशोधकांस मिळाली, आणि ती रास्तच होती. परंतु झाडी तोडणारे, दगड उचलणारे आणि कोणता दगड कोणत्या भिंतीचा हे नजरेने ओळखणारे हात आसपासच्या गावकऱ्यांचे होते.

या हातांची कसोटी पुढे लागली. १९७० साली युद्ध पेटले, तेव्हा गाव सरकारच्या हाती आणि देवालये बंडखोरांच्या हाती, अशी स्थिती झाली. काही काळ कामगार दोन्ही फौजांमधली हद्द ओलांडून सायकलींवरून कामास जात. बाफुओन या देवालयाचे सुमारे तीन लक्ष दगड दुरुस्तीसाठी उतरवून, क्रमांक देऊन, झाडीत मांडून ठेवले होते. १९७५ साली ख्मेर रूज सत्तेवर आले. शहरे रिकामी करविली गेली, शिकलेली माणसे वेचून मारली गेली, आणि बाफुओनच्या दगडांची नोंदपत्रेही नष्ट झाली. गावाबाहेरील वाट थमेई या विहारात काचेच्या स्तूपात ठेवलेल्या अस्थी त्या चार वर्षांची साक्ष देतात. बाफुओनचे काम १९९५ साली पुन्हा हाती घेण्यात आले, तेव्हा दगड जुळविण्यास वाचलेले जुने कामगार उपयोगी पडले. २०११ साली ते देवालय पुन्हा उभे राहिले. मधल्या बिकट काळात, १९८६ ते १९९३ या वर्षांत, भारताच्या पुरातत्त्व खात्याने अंगकोर वाटची डागडुजी केली. त्याच्या सफाईच्या पद्धतीवर टीका झाली. पण इतर देश दूर उभे असताना भारत तेथे गेला होता, हेही विसरता येत नाही.

१९९२ साली अंगकोरची जागतिक वारशात गणना झाली आणि प्रवाशांचा लोंढा सुरू झाला. २०१९ साली वीस लाखांहून अधिक परदेशी प्रवाशांनी तिकिटे काढली. त्याने गावाला पोट भरण्याचे साधन दिले आणि नवी चिंताही दिली. ही देवालये वाळूच्या भरावावर उभी आहेत. वाळू ओली असेतोवर पाया घट्ट राहतो. मात्र उपाहारगृहांनी विहिरींतून बेसुमार उपसा केला, तर जमिनीतील पाणी खाली जाते आणि पाया खचण्याचे भय उत्पन्न होते. म्हणून जुने खंदक व तलाव पुन्हा भरण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यांतील जयतटाक हा तलाव शतकांनंतर पुन्हा पाण्याने भरला. सातव्या जयवर्म्याच्या स्थपतींची विद्या आज धर्मशाळेच्या आणि देवालयाच्या दोहोंच्या उपयोगी पडत आहे.

दुसरी चिंता अधिक नाजूक आहे. वारशाचे रक्षण करावयाचे म्हणून २०२२ पासून अंगकोरच्या आवारातील हजारो कुटुंबांना दूरच्या नव्या वसाहतींत हलविण्यात आले. अवैध घरे वाढली होती, असे सरकारचे म्हणणे; स्थलांतर स्वेच्छेचे नव्हते, असे मानवी हक्कांच्या कैवाऱ्यांचे म्हणणे. देवालयाचे रक्षण झाले पाहिजे, यात दुमत नाही. पण ज्या देवालयाची खेडी हरवली, त्याच्या रक्षणाचे काम पुढे कोण करणार, हा प्रश्न ता प्रोहमचा शिलालेख आजही विचारतो आहे.

बायोनच्या बाहेरच्या ओवरीत राजांच्या लढायांखाली एक बाजार कोरलेला आहे. बायका मासळी विकीत आहेत, कोणी कोंबड्यांची झुंज लावली आहे, कोणी चुलीवर भात शिजवीत आहे. आठशे वर्षांपूर्वीचा तो बाजार पाहून प्रवासी संध्याकाळी सिएम रीपच्या जुन्या बाजारात येतो. तेथेही मासळीच्या पाट्यांपुढे बायकाच बसलेल्या असतात. क्षणभर तेथे थांबले, तर दिवसभर पाहिलेले दगड कोणाचे होते, ते कळते.