चरवादार, बारगीर, लमाण : ओझ्याच्या जनावरांमागे चालणाऱ्यांची नावे

घाटरस्ते गाडीजोगे होण्यापूर्वी बेळगाव आणि गोवा यांमधला बराचसा व्यापार जनावरांच्या पाठीवरून चाले. खालच्या मिठागरांतले मीठ वर येई, वरचे धान्य खाली जाई. १८८८ साली मुरगावपर्यंतची रेल्वे पूर्ण झाली आणि तांड्यांचे काम कमी होत गेले. ती जनावरे हाकणाऱ्यांची नावे मात्र आपल्या बोलण्यात, आडनावांत आणि घरच्या जुन्या कागदांत राहिली. त्यांचे अर्थ पुसट होत चालले आहेत, म्हणून हे टिपण.

खेचर : घोडी आणि गाढव यांची संतती. संस्कृतात याला 'अश्वतर' म्हणत. यातला 'तर' कमीपणा दाखवतो, म्हणजे घोड्यापेक्षा उणा. फारसीतला 'अस्तर' (खेचर) हा याच कुळातला शब्द. पण पूर्वी हे जनावर हलके समजत नसत. छांदोग्य उपनिषदात जानश्रुती राजा रैक्वाला गाई आणि कंठ्याबरोबर खेचरींचा रथही देऊ करतो. 'आकाशात फिरणारा' या अर्थाचा संस्कृत 'खेचर' मात्र वेगळा, दोहोंची गल्लत करू नये.

चरवादार : जुन्या कागदांत घोड्याची निगा राखणाऱ्या चाकराला हे नाव आढळते. 'चरायला नेणारा तो चरवादार' असे आपल्याला सहज वाटते, पण शब्द फारसी आहे. 'चारपा' म्हणजे चार पायांचे जनावर (आपली 'चारपाई' त्यातलीच). त्याचे 'चारवा' झाले, आणि ते बाळगणारा तो 'चारवादार'. इराणात चारवादार म्हणजे भाड्याने खेचरे पुरवून त्यांच्याबरोबर चालणारा माणूस. तिकडे तो स्वतःच्या जनावरांचा मालक असे, इकडे शब्द आला तो दुसऱ्याच्या घोड्याचा चाकर होऊन.

बारगीर : 'बार' म्हणजे ओझे, 'गीर' म्हणजे घेणारा. फारसीत बारगीर हे माणसाचे नव्हे, ओझ्याच्या घोड्याचे नाव. मराठी फौजेत ते स्वाराला लागले. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येई तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून किंवा दुसऱ्या सरदाराकडून मिळे तो बारगीर. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एकाचे भांडवल स्वतःचे, दुसऱ्याचे परक्याचे. फरक ऐपतीचा होता, शौर्याचा नव्हे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या, तेव्हा तिथे याच शब्दाचे 'बर्गी' झाले आणि ते धास्तीचे नाव ठरले. व्यापाऱ्यांचे 'बारदान' याच 'बार'पासून. 'खोगीर'मध्येही हाच 'गीर' आहे : घोड्याच्या पाठीचा घाम शोषून घेणारे ते खोगीर.

लमाण, वंजारी : 'लमाण' हे नाव 'लवण' म्हणजे मीठ यावरून आले, असे सर्वसाधारणपणे मानतात. आपल्या घाटांत ते अगदी लागू पडते. 'वंजारी' आणि 'बंजारा' यांचा संबंध 'वाणिज्य' शब्दाशी जोडतात. यांची जनावरे मुख्यतः बैल, आणि पाठीवर गोणी. संस्कृत 'गोणी'च पुढे इंग्रजीत 'गनी बॅग' झाली.

हमाल : अरबी 'हम्ल' म्हणजे ओझे, ते वाहणारा हमाल. इथे जनावरच नाही, माणसाचीच पाठ.

ड्राबी : इंग्रजी फौजेतल्या खेचरवाल्यांचे हे नाव. मूळ शब्द 'ड्रायव्हर', देशी तोंडी त्याचे ड्राबी झाले. १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत भारतीय खेचर-तुकड्यांनी दारूगोळा, अन्न आणि पाणी आघाडीवर पोहोचवले. आज ड्रायव्हर म्हटले की मोटार आठवते, पण इंग्रजीतही हा शब्द आधी जनावरे हाकणाऱ्याचा होता.

ही नावे एकत्र पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. ओझे जनावराचे असो वा माणसाचे, ते वाहणाऱ्याचे नाव आपण हळूहळू खालच्या पायरीवर नेले. 'भाड्याचे तट्टू', 'खोगीरभरती', 'हमाली करतोय' ही आपली रोजची बोलणी त्याच जगातून आली आणि ती सगळी उणेपणाची आहेत. प्रत्यक्षात याच माणसांच्या पायांवर घाटाखालचे मीठ आपल्या चुलीपर्यंत येत होते.

म्हणून सभासदांना विनंती : घरच्या जुन्या कागदांत एखाद्या पूर्वजापुढे 'बारगीर' किंवा 'चरवादार' लिहिलेले आढळले, तर ते लपवू नये आणि वाढवूनही सांगू नये. कागद जपावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना जनावरांच्या साजाचे, ओझ्याचे, घाटातल्या मुक्कामांचे शब्द आठवत असतील, तर ते त्यांच्याकडून आजच वहीत लिहून घ्यावेत. असे शब्द मंडळाकडे आले, तर या टिपणात आम्ही आनंदाने भर घालू.