नोंदवहीतील बिघाडाची नोंद

जावा भाषेतील बहुतेक मोठ्या आज्ञावली आपल्या कामकाजाची नोंद, म्हणजे 'लॉग', सतत लिहीत असतात. बँकेचा व्यवहार मध्येच अडकला की अभियंते प्रथम हा लॉग उघडतात. परंतु डिस्क भरली, फाईलवर लिहिण्याची परवानगी नसली किंवा मांडणीच्या फाईलमध्ये एखादे अक्षर चुकले, तर नोंद करणारी यंत्रणाच मुकी होते. हा बिघाड तिने कोठे नोंदवावा? स्वतःच्याच लॉगमध्ये लिहू पाहिल्यास ती नोंदही फसेल, त्या अपयशाची पुन्हा नोंद होईल आणि हे चक्र थांबणार नाही. म्हणून यंत्रणेच्या अंतर्गत संदेशांना वेगळी वाट द्यावी लागते.

'लॉगफोरजे'च्या पहिल्या मालिकेत हे काम 'लॉगलॉग' नावाचा छोटा वर्ग करीत असे. इशारे व चुका तो थेट 'सिस्टिम.एर' या प्रवाहात पाठवी. तपशीलवार संदेश मात्र 'लॉगफोरजे.डीबग' हा गुणधर्म चालू केल्यावरच 'सिस्टिम.आउट'मध्ये उमटत. अपेंडर, म्हणजे नोंद प्रत्यक्ष लिहिणारा घटक, सापडत नसल्याचा त्याचा इशारा जावा शिकणाऱ्या कित्येकांनी पहिल्याच दिवशी पाहिला असेल! ही मालिका २०१५ मध्ये अधिकृतपणे बंद झाली.

खरी अडचण पुढेच आहे. कन्सोलवरचा संदेश वाचायला कन्सोलसमोर कोणी असावे लागते. लिनक्सवरील टॉमकॅटमध्ये हे प्रवाह सहसा 'कॅटालिना.आउट' या फाईलमध्ये जातात. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवेत ते सरळ टाकूनही दिलेले असू शकतात. शिवाय लॉगफोरजेच्या त्या मालिकेतील अपेंडर मूलतः पहिलीच चूक कळवी व पुढे गप्प राही. जावातील अंगभूत 'एररमॅनेजर'ही तसाच वागतो. संदेशांचा पूर टळतो हे खरे, पण तो एकुलता एक संदेश हुकला की लॉग रिकामा का, याचा पत्ताच लागत नाही.

लॉगफोरजेचे मूळ निर्माते चेकी ग्युल्चू यांनी पुढे 'लॉगबॅक'मध्ये अधिक शहाणा मार्ग काढला. तेथे अंतर्गत संदेश स्मृतीत साठतात, सुरुवातीचे १५० आणि अगदी अलीकडचे १५०. 'स्टेटसलिसनर' जोडल्यास ते हव्या त्या ठिकाणी वळवता येतात. मांडणी वाचताना चूक वा इशारा आढळल्यास सारे संदेश आपोआप कन्सोलवर येतात.

२०१४ मध्ये आलेल्या 'लॉगफोरजे २'मध्ये ही जबाबदारी 'स्टेटसलॉगर'कडे आहे. मांडणीच्या फाईलमधील 'स्टेटस' या गुणधर्माने संदेशांची पातळी ठरवता येत असे. मात्र ती फाईल वाचण्यापूर्वीच काही बिघडले, तर तिच्यातील सूचनेचा उपयोग काय? २.२४ या आवृत्तीपासून या पद्धतीऐवजी 'लॉगफोरजे२.स्टेटसलॉगरलेव्हल' हा गुणधर्म सुचविला जातो. तो आज्ञावली सुरू करतानाच देता येत असल्याने मांडणीची फाईल मुळात सापडली नाही, तरी लागू राहतो.