झेंडा, झाडू आणि हजार यार्ड

मोटार या वस्तूशी माझा संबंध आयुष्यभर बहुधा पाठीमागूनच आला. म्हणजे ढकलण्याच्या निमित्तानं. त्यामुळे बर्मिंगहॅमला निवृत्त होऊन घरात बसल्यावर शेजारच्या साहेबानं जेव्हा "मोटारींच्या शर्यतीला येतोस का? मदतीला माणसं हवीत," असं विचारलं, तेव्हा मी आधी बाह्या सरसावल्या. पण ढकलायचं नव्हतं. उभं राहायचं होतं. फुकट. आमच्या हिनं एवढंच विचारलं, "अहो, पण पडलंय काय तुमचं तिथं?"

आता या उभं राहण्यालाही इतिहास आहे बरं का! १८६५ साली इंग्लंडात कायदा झाला की, रस्त्यावरून इंजिनाची गाडी न्यायची तर तिच्या साठ यार्ड पुढं एका माणसानं लाल निशाण घेऊन चालायचं. गाडीचा वेग गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन. म्हणजे आपल्याकडची लग्नाची वरातही गाडीला मागं टाकील! १८७८ साली निशाणाची सक्ती गेली. माणूस मात्र १८९६ पर्यंत पुढं चालतच राहिला. तेव्हा मोटारीच्या खेळात ड्रायव्हर नंतर आला, झेंडेवाला आधी, असं मी हिला पटवून पाहिलं. पटलं नाही.

पुढं वेग वाढला आणि गंमत संपली. १९०३ च्या मे महिन्यात पॅरिसहून माद्रिदला निघालेली शर्यत फ्रेंच सरकारनं बोर्दोलाच थांबवली. मोटारी कारखान्याचा मार्सेल रेनो तीत गेला, आणखी स्पर्धक गेले, रस्त्याकडेला उभे असलेले बघेही गेले. लोक थेट रस्त्यावर येऊन उभे, गाडी अंगावर आली की बाजूला होणार! त्यांना हटवायला पुरेशी माणसं कुठून आणायची? इंग्लंडात तर सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला परवानगीच नव्हती. मग हौशी मंडळींनी खाजगी जमिनी शोधल्या. मिडलंड ऑटोमोबाइल क्लबाला वूस्टरशायरमध्ये टीम नदीच्या खोऱ्यात शेल्सली वॉल्श इथं एक शेतातली चढण सापडली आणि १२ ऑगस्ट १९०५ रोजी तिथं पहिली स्पर्धा झाली. महायुद्धांचे खंड सोडले, तर त्याच चढणीवर अजून चालू आहे. एका वेळी एक गाडी, झुंज घड्याळाशी. १९०७ पासून अंतर बरोबर हजार यार्ड.

पहिल्या वर्षी इन्स्टोनची डेमलर सर्वांत आधी, ७७.६ सेकंदांत वर पोचली. आज विक्रम तेवीस सेकंदांच्याही आत आहे. १९३० साली हान्स श्टुक नावाचा गडी ऑस्ट्रो-डेमलर घेऊन आला आणि ४२.८ सेकंदांत चढला. १९३६ साली तोच सोळा सिलिंडरांची अजस्र आउटो युनियन घेऊन परत आला आणि नेमका पाऊस लागला. चाकं जागच्या जागी भिरभिरली, सहा वर्षांपूर्वीपेक्षा सहा सेकंद जास्त लागले. पावसापुढं सोळा सिलिंडरांचं काही चालत नाही, हे खंडाळ्याच्या घाटात अडकलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

तर अशा या पुण्यक्षेत्री अस्मादिक नारिंगी डगला घालून उभे. आमच्या चौकीच्या प्रमुख एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. त्यांनी नियम सांगितले: येणाऱ्या गाडीकडे पाठ करायची नाही, गाड्या चालू असताना बसायचं नाही, शंका आली तर ताबडतोब बोलायचं. आग विझवायचं नळकांडं कुठं, सिमेंटची पोती कुठं, सगळं दाखवलं. आणि माझ्या हातात दिला झाडू. झेंडा अनुभवी माणसाकडे.

दुपारी एक जुनी गाडी धडधडत वर गेली आणि वळणावर मला एक काळपट रेघ दिसली. सावली असेल? मघाशी होती का? खाली पुढची गाडी रेषेवर येऊन गुरगुरत होती. ओरडावं, तर शेकडो गोऱ्यांपुढं एका सावलीपायी खेळ थांबवल्याचं हसं. न ओरडावं, तर... घशाला कोरड पडली. गाडीचा आवाज चढला तसा मी ओरडलो. तेही मराठीत! "बाई, तेल!"

बाईंना मराठी कुठलं यायला? पण त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं आणि पुढच्या क्षणाला रेडिओवर बोलल्या. लाल झेंडा वर गेला. खालचा गुरगुराट विझला. बाई वळणावर गेल्या, बोट टेकवलं, वास घेतला.

"तेल," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

मग सिमेंट टाकलं आणि ते मी झाडलं. लोक चहा पीत पाहत होते. माझे हात थरथरत होते, झाडू धरल्यामुळं ते कुणाला कळलं नाही. थोड्या वेळानं ती थांबलेली गाडी त्याच वळणावरून सुळ्ळकन गेली. हेल्मेटच्या आत विशीतलं पोरगं होतं. त्यानं काही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायला वेळ कुठं होता?

घरी येऊन हे सगळं रंगवून सांगितलं. हिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे झाडता येतं तर तुम्हाला. इथं तीस वर्षं कंबर धरत होती!"

पुढच्या खेपेला मला बढती आहे. सुरुवातीच्या रेषेवर गाडी मागं घरंगळू नये म्हणून चाकामागं ठोकळा लावायचा. खंडाळ्याच्या घाटात ट्रकचा क्लीनर दगड लावायचा, तेच काम. हिनं विचारलं, "ठोकळ्याचे किती देतात?"

"सँडविच," मी म्हणालो.