शाळेच्या बदल्यात पोलीस

मुंबईत सार्वजनिक प्राथमिक शाळा आणि बरीच मोठी सार्वजनिक रुग्णालये महापालिका चालवते, पोलीस मात्र राज्याच्या गृहखात्याचे. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी कुणी मुद्दाम ठरवली असेल, असे वाटतच नाही. पण ती ठरवलेली आहे. 1907 साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने ‘सिटी ऑफ बॉम्बे पोलीस चार्जेस ॲक्ट’ मंजूर केला. त्यातला सौदा सरळ होता. शहरातल्या पोलिसांचा खर्च यापुढे सरकारने करायचा आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत आणि देवी टोचणे यांचा भार पालिकेने उचलायचा.

पोलिसांवर किती खर्च करायचा आणि वस्तीतल्या माणसांवर किती, हा वाद 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अमेरिकेत रस्त्यावर आला. तो आपल्याकडे नवा नाही. आपल्या एका शहराने शंभर वर्षांपूर्वी या दोन खर्चांची अक्षरशः अदलाबदल केली होती. त्या अदलाबदलीने शहराला बरेच दिले आणि एक महत्त्वाची गोष्ट काढूनही घेतली.

कंपनी सरकारच्या आधी आपल्याकडे हे दोन खर्च वेगळे नव्हते. मराठेशाहीतल्या गावाच्या हिशेबात ‘गावखर्च’ नावाची बाब असे. देवळाचा उत्सव, दानधर्म, आल्यागेल्याची सरबराई आणि शिबंदी म्हणजे शिपायांचा खर्च, हे सगळे तिच्यातून भागे. रात्रीच्या राखणीला रामोशी किंवा जागल्या असे आणि त्याचा मोबदला इनाम जमीन आणि खळ्यावरचे धान्य या रूपात मिळे. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर जाई, आणि चोर सापडला नाही तर नुकसान भरून देण्याची पाळीही येई. पुण्यासारख्या शहरात कोतवाल चोर पकडे, तसेच बाजारभावांवर नजर ठेवी, लहानसहान तंटे मिटवी, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवी. पोलीस आणि नगरपालिका एकाच चावडीवर बसत. अशा अधिकाऱ्यावर कुणाचा वचक उरला नाही की काय होते, ते 1791 मध्ये घाशीराम कोतवालाच्या प्रकरणात पुण्याने पाहिले.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गावाची राखण स्वस्तात पडे, कारण तिची किंमत जातीने बांधलेली माणसे मोजत. महार वतनाच्या नावाखाली सरकारी आणि गावकीची कामे अपुऱ्या मोबदल्यात करून घेतली जात. त्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडावे लागले. सुरक्षेचा हिशेब मांडताना तिचे पैसे कोण देतो आणि वेठ कोण करतो, हे दोन्ही विचारावे लागते, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

मुंबई बेटावर पोलिसांची सुरुवात भंडारी पलटणीपासून झाली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर जेराल्ड आँजियरने ती उभी केली. जमीनधारकांनी त्यात सेवा द्यायची असा दंडक होता. ब्राह्मण आणि बनियांना मात्र पैसे भरून सूट मिळे. पुढे शहर वाढले, पगारी दल आले आणि 1856 च्या कायद्याने पोलीस कमिशनरचे पद निर्माण झाले. त्यामागोमाग नगरपालिकाही आकाराला आली, आणि तिथूनच भांडणाला तोंड फुटले.

सरकारचे म्हणणे असे, की पोलीस शहराचे रक्षण करतात, तेव्हा त्यांच्या खर्चाचा वाटा शहराने द्यावा. पालिकेतले लोकनियुक्त सभासद विचारत, की मग शहराला त्या पोलिसांवर अधिकार कुठे आहे? कमिशनर सरकार नेमणार, दलाची संख्या सरकार ठरवणार, हुकूम सरकारचा चालणार आणि बिल तेवढे पालिकेकडे येणार. फिरोजशहा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला. जो पैसे देतो त्याला विचारण्याचा हक्क असला पाहिजे, हे त्यांच्या लेखी स्थानिक स्वराज्याचे मूळ तत्त्व होते.

त्या काळात पोलिसांचा खर्च लोकांच्या माथी मारणे म्हणजे काय, हे पुण्याने फार कडवटपणे अनुभवले. 1897 च्या जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड याच्यावर हल्ला झाला. त्यानंतर सरकारने पुण्यात ‘जादा पोलीस’ बसवले आणि त्यांचा खर्च शहरवासीयांकडून वसूल करायचे ठरवले. गुन्हा कुणी केला ते ठरायच्या आधीच सगळ्या शहराला शिक्षा झाली होती. प्लेगने माणसे मरत होती, धंदे बसले होते, आणि लोकांच्या खिशातून जाणारा पैसा त्यांच्यावरच्या पहाऱ्यासाठी होता. पोलीस ही आपण पोसलेली सेवा नसून आपल्यावर लादलेला दंड आहे, ही भावना महाराष्ट्राच्या मनात खोल रुजली, तिला असे प्रसंग कारण आहेत.

इकडे खर्च वाढतच होता. 1902–03 मध्ये सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या पोलीस कमिशनने देशभरच्या पोलिसांवर कडक ताशेरे ओढले आणि सुधारणा हवी असेल तर शिपायांचे पगार वाढवा, असे सांगितले. म्हणजे पोलिसांचे बिल आणखी फुगणार हे उघड होते. मुंबई पालिकेची तिजोरी तर 1896 पासून प्लेगने पोखरलेली. या पार्श्वभूमीवर 1907 चा तोडगा निघाला आणि दोन्ही बाजूंनी तो मान्य केला.

पालिकेने त्या सौद्याचे सोने केले, हे मोकळेपणाने सांगायला हवे. सरकार आणि पालिका यांच्या संयुक्त समितीकडे असलेल्या शाळा आता पूर्णपणे शहराच्या झाल्या. गिरणगावातल्या मुलांना मराठीतून, मदनपुऱ्यातल्या मुलांना उर्दूतून, इतरांना गुजरातीतून शिकवणाऱ्या शाळा पालिकेने वाढवल्या. 1920 मध्ये शहरासाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. 1926 मध्ये परळला केईएम रुग्णालय सुरू झाले. ज्या गिरणी कामगाराला खासगी डॉक्टर परवडत नव्हता त्याची बायको तिथे बाळंत झाली आणि त्याचा पोरगा पालिकेच्या शाळेत शिकला. मुंबईचा मराठी कष्टकरी माणूस उभा राहिला त्यात या दोन संस्थांचा वाटा फार मोठा आहे.

पण पोलिसांचे बिल पालिकेच्या सभागृहात यायचे थांबले, त्याबरोबर त्या बिलावरची चर्चाही थांबली. एक शिपाई वाढवायचा की एक शिक्षक, हा प्रश्न विचारता येईल अशी जागाच शहरात उरली नाही.

प्रांताच्या पातळीवर हीच फारकत 1919 च्या घटनात्मक सुधारणांनी पक्की केली. द्विदल पद्धतीत पोलीस ‘राखीव’ खाते राहिले, ते गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. शिक्षण, आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य ‘सोपीव’ खाती झाली, ती लोकनियुक्त मंत्र्यांकडे. अर्थखाते पुन्हा राखीवच. मुंबई इलाख्यात शिक्षणमंत्री झालेले रँग्लर र. पु. परांजपे यांच्यासारख्या माणसाला शाळांसाठी पैसा मागायचा तो राखीव खात्यांचे भागल्यावर जो उरेल त्यातून. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी याच्याही आधी, 1911 मध्ये, प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते. पुढच्या वर्षी ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. बंदोबस्त आधी आणि शाळा मग, हा क्रम तेव्हाच पडला.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही खाती लोकांच्या प्रतिनिधींकडे आली, तरी फारकत तशीच राहिली. राज्यघटनेने पोलीस राज्यसूचीत ठेवले. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना 18 विषयांची यादी दिली. तिच्यात झोपडपट्टी सुधारणा आहे, गरिबी निर्मूलन आहे, सार्वजनिक आरोग्य आहे, पोलीस नाहीत. मुंबई महापालिकेचा 2025–26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर गेला, पण आपल्या वॉर्डात वाढलेल्या चौक्यांऐवजी एखादे समुपदेशन केंद्र असावे का, हे ठरवण्याचा अधिकार नगरसेवकाला नाही. त्यातही मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर कित्येक वर्षे शहराला निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. अर्थसंकल्प प्रशासक मांडत आणि प्रशासकच मंजूर करत.

तरीही ही दोन खाती महाराष्ट्रात मधूनमधून एकत्र आली आहेत, आणि जिथे आली तिथे काय घडले ते जवळून पाहण्यासारखे आहे.

1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात एक टेबल आणि त्यामागे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती. नवऱ्याच्या मारहाणीने घराबाहेर पडलेली बाई तिथे येते, तेव्हा तिला पहिला प्रश्न कलमाचा विचारला जात नाही. आज रात्री कुठे राहणार, मुले कुठे आहेत, कागदपत्रे कुणाच्या ताब्यात आहेत, हे आधी विचारले जाते. मग अर्ज लिहायला मदत होते, सासरच्यांना बोलावले जाते, गरज पडली तर कार्यकर्ती तिच्याबरोबर ठाण्यात तक्रार द्यायला उभी राहते. पोलिसांचा वचक आणि समाजकार्याचा धीर एका छताखाली आले. पुढे राज्य सरकारने ही योजना स्वीकारली आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले.

त्याच 1984 मध्ये भिवंडी दंगलीत होरपळली होती. 1988 मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी सुमारे 70 मोहल्ला कमिट्या बांधल्या. प्रत्येक मोहल्ल्यात दोन्ही धर्मांची साधी माणसे, यंत्रमाग कामगार, दुकानदार आणि त्यांच्याबरोबर नेमून दिलेला पोलीस. दंगल नसताना नियमित भेटायचे, अफवा आली की ती एकमेकांना विचारायची, गल्लीतले भांडण गल्लीतच मिटवायचे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यापासून शिकून मुंबईतही माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली.

2007 मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावाने आपले तंटे सामोपचाराने मिटवायचे आणि गाव तंटामुक्त ठरले की लोकसंख्येच्या प्रमाणात बक्षिसाची रक्कम गावाच्या कामाला मिळायची. या मोहिमेत दोष होते. बलवान माणसाच्या दबावाखाली मिटलेला तंटा मिटलेला नसतो, आणि बाईची किंवा दलिताची तक्रार बक्षिसासाठी दाबली जाण्याचा धोका खराच असतो. पण गृहखात्याचा पैसा ठाण्याऐवजी गावाच्या हाती देता येतो, हे तिने दाखवून दिले.

पोलीस नकोत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. दंगलीत, दरोड्यात, बलात्काराच्या तपासात चांगला पगार असलेला, नीट शिकलेला, थकून न गेलेला पोलीस लागतोच, आणि त्याच्यावर खर्च झालाच पाहिजे. पण व्यसन, घरातली मारझोड, शाळा सुटलेली पोरे, रस्त्यावरचा मनोरुग्ण ही कामे आपण त्याच्याच गळ्यात घालतो, कारण ती करणाऱ्या माणसासाठी तरतूद नसते. 1907 च्या सौद्याने शहराला शाळा आणि इस्पितळे दिली, त्याबद्दल कृतज्ञ राहावे. हे दोन्ही खर्च एका कागदावर पाहण्याची सवय त्याने मोडली, ती मात्र पुन्हा लावायला हवी. मुंबईपुरते तरी राज्याने शहरातला पोलीस खर्च दरवर्षी पालिकेच्या सभागृहापुढे माहितीसाठी ठेवावा आणि त्यावर चर्चा व्हावी. त्यासाठी घटना बदलायची गरज नाही, इच्छा असली की पुरे. आणि वाचकांना विनंती एवढीच, की फेब्रुवारीत पालिकेचा आणि मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून वाचा आणि आपल्या नगरसेवकाला व आमदाराला एकाच सभेत बोलावून त्यांचा हिशेब मागा.