झाड कोणाचे? नायजरमधील वृक्ष-मालकी आणि शेतीचे पुनरुज्जीवन : एक ऐतिहासिक अभ्यास (१९३५ ते २०२०)

प्रस्तावना :

आफ्रिका खंडाविषयी आपल्याकडे जे अध्यापन होते, त्यात दुष्काळ, वाळवंटीकरण आणि दारिद्र्य हे तीन शब्द एकापाठोपाठ येतात. त्यांच्यातील कार्यकारणसंबंधही बहुधा गृहीत धरला जातो. लोकसंख्या वाढली, अडाणी शेतकऱ्याने झाडे तोडली, गुरांनी कुरणे संपवली आणि सहारा दक्षिणेकडे सरकला, अशी ही मांडणी असते. या मांडणीत शेतकरी हा पर्यावरणाचा अपराधी ठरतो आणि शासन त्याचे रक्षक ठरते. पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशाचा गेल्या नऊ दशकांचा इतिहास पाहिला असता हे समीकरण तपासून घेण्याची गरज स्पष्ट होते.

सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने अटलांटिक महासागरापासून तांबड्या समुद्रापर्यंत पसरलेल्या अर्धशुष्क पट्ट्यास ‘साहेल’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘किनारा’ असा आहे. येथे वर्षातील तीन-चार महिनेच पाऊस पडतो आणि तो साधारणपणे २०० ते ६०० मिलिमीटर इतका असतो. बाजरी हे येथील मुख्य पीक आहे. महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त भागाला आधार देणाऱ्या बाजरीचे मूळस्थान पश्चिम आफ्रिकेतील याच पट्ट्यात आहे, हे या ठिकाणी नमूद करावेसे वाटते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) वसाहतकालीन वनकायद्याने नायजरमधील शेतकरी व झाड यांचे नाते कसे बदलले, ते पाहणे.
२) १९८० नंतर झालेल्या वृक्ष-पुनरुज्जीवनाची कारणे शोधणे.
३) या प्रक्रियेच्या मर्यादांची चिकित्सा करणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

वसाहतपूर्व परंपरा आणि १९३५ चा वनकायदा :

दक्षिण नायजरमधील मारादी व झिंदर हे प्रदेश प्रामुख्याने हौसा भाषक शेतकऱ्यांचे आहेत. शेतात झाडे राखून त्यांच्यामध्ये बाजरी, ज्वारी व चवळी घेणे ही येथील जुनी पद्धत होती. ज्यास हौसा भाषेत ‘गाओ’ म्हणतात, त्या वृक्षास या शेतीत विशेष स्थान होते. बाभळीच्या जवळचा हा वृक्ष पावसाळ्यात पाने गाळतो आणि कोरड्या ऋतूत हिरवा राहतो. त्यामुळे पिकावर सावली पडत नाही. गळालेल्या पानांनी जमिनीचा कस वाढतो, तर उन्हाळ्यात शेंगा व पाला जनावरांना मिळतो. एकोणिसाव्या शतकात झिंदरच्या सुलतानांनी गाओ तोडणाऱ्यास कठोर शिक्षा ठरवली होती, अशी परंपरा सांगितली जाते. याचा अर्थ वृक्षरक्षणाची कल्पना या भूमीत युरोपीयांनी प्रथम आणली असे म्हणता येत नाही.

फ्रेंच सत्तेने १९३५ मध्ये संपूर्ण फ्रेंच पश्चिम आफ्रिकेसाठी वनविषयक हुकूमनामा काढला. त्यानुसार महत्त्वाच्या वृक्षजातींवर शासनाचे नियंत्रण आले. स्वतःच्या शेतातील झाड तोडण्यासाठी किंवा छाटण्यासाठीही शेतकऱ्यास परवाना घ्यावा लागू लागला व परवान्याविना दंड होऊ लागला. हेतू रक्षणाचा होता. परिणाम मात्र उलटा झाला. मोठे झालेले झाड शासनाचे, त्यापासून होणारा त्रास मात्र शेतकऱ्याचा, अशी स्थिती निर्माण झाली. साहजिकच जमिनीतून वर येणारा कोंब रोपटे असतानाच उपटून टाकणे शेतकऱ्याला सोयीचे वाटू लागले. करभरणीसाठी रोख पैसा देणाऱ्या भुईमुगाच्या विस्तारानेही शेते मोकळी करण्यास उत्तेजन दिले.

याच १९३५ मध्ये ई. पी. स्टेबिंग यांनी सहारा वेगाने दक्षिणेकडे सरकत असल्याचा इशारा दिला. स्टेबिंग हे पूर्वी भारतातील वनसेवेत होते आणि भारतीय वनांच्या इतिहासाचे लेखक होते. म्हणजेच हिंदुस्थानातील वनप्रशासनात तयार झालेली दृष्टी त्यांच्याबरोबर आफ्रिकेत पोहोचली. १९३६-३७ मध्ये इंग्रज-फ्रेंच संयुक्त वन आयोगाने प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा वाळवंट असे सरकत असल्याचा पुरावा त्यास आढळला नाही. तथापि भीती कायम राहिली. १९४९ मध्ये फ्रेंच वनशास्त्रज्ञ ऑब्रेव्हिल यांच्या ग्रंथाने ‘वाळवंटीकरण’ ही संज्ञा रूढ केली.

स्वातंत्र्य, दुष्काळ आणि वृक्षारोपण :

नायजर ३ ऑगस्ट १९६० रोजी स्वतंत्र झाला, परंतु वनकायद्याचा गाभा बदलला नाही. १९७४ च्या नव्या कायद्यातही वसाहतकालीन तत्त्व टिकून राहिले. १९६८ ते १९७४ या काळात साहेलवर भीषण दुष्काळ कोसळला. एप्रिल १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष हमानी दिओरी यांची सत्ता सेनी कुंचे यांनी लष्करी उठावाद्वारे उलथवली. धान्यमदतीतील गैरव्यवहाराचा आरोप हे त्यातील एक प्रमुख निमित्त होते.

या दुष्काळाचे खापरही प्रारंभी स्थानिक लोकांवर फोडले गेले. १९७५ मध्ये हवामानशास्त्रज्ञ चार्नी यांनी अतिचराईमुळे जमीन उघडी पडून पाऊस घटतो, असा सिद्धान्त मांडला. पुढे २००३ च्या सुमारास झालेल्या संशोधनाने या अवर्षणाचे मुख्य कारण महासागरांच्या पृष्ठीय तापमानातील बदल हे असल्याचे दाखवले. परंतु दरम्यानच्या काळात धोरणे ठरून गेली होती. १९७७ मध्ये नैरोबी येथे वाळवंटीकरणावर संयुक्त राष्ट्रसंघाची परिषद झाली आणि परदेशी निधीतून वृक्षारोपणाच्या मोठ्या योजना आल्या. रोपवाटिकेतील रोपे लावली गेली. त्यांपैकी बहुतांश जगली नाहीत. ती जगवण्यात गावकऱ्यांना रस नव्हता, कारण ती झाडे त्यांची नव्हती.

जमिनीखालचे जंगल :

मारादी भागात एका मिशनरी संस्थेमार्फत काम करणारे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांचाही वृक्षारोपणाचा अनुभव असाच निराशेचा होता. १९८३ मध्ये त्यांच्या लक्षात आले की, शेतात झुडपे म्हणून दिसणारे फुटवे हे वस्तुतः तोडलेल्या वृक्षांच्या जिवंत खुंटांचे धुमारे आहेत. मुळे जिवंत असल्याने नवीन रोप लावण्याची आवश्यकताच नव्हती. खुंटावरील चार-पाच जोमदार फुटवे राखावेत, बाकीचे छाटावेत, खालच्या फांद्या काढाव्यात आणि दरवर्षी गरजेपुरते सरपण घ्यावे, इतकीच ही पद्धत आहे. तिला खर्च जवळजवळ नाही. ती सर्वस्वी नवीनही नव्हती. जुन्या प्रथेचेच ते पुनरुज्जीवन होते.

१९८४-८५ च्या टंचाईत धान्याच्या मोबदल्यात झाडे राखण्याचा कार्यक्रम घेण्यात आला. कार्यक्रम संपताच त्यांतील बरीच झाडे पुन्हा तोडली गेली. ही घटना लक्षणीय आहे. केवळ तंत्र व मोबदला पुरेसा नाही, हे तिने दाखवले. ज्यांनी झाडे ठेवली त्यांच्या शेतात वारा व वाळू अडली, सरपण मिळाले आणि पीक तगले. ते पाहून इतरांनी हळूहळू अनुकरण केले. झिंदर भागात तर बाहेरच्या प्रकल्पाविनाच शेतकऱ्यांनी गाओ राखण्यास सुरुवात केली.

याच काळात शासनाची पकडही सैल झाली. नोव्हेंबर १९८७ मध्ये कुंचे यांचे निधन झाले. आर्थिक संकटामुळे वनखात्याची गस्त कमी झाली. शेतातील झाड आपले, ही भावना कायद्याच्या आधी व्यवहारात रुजली. १९९३ च्या ग्रामीण संहितेने व २००४ च्या वनकायद्याने या बदलास काही प्रमाणात मान्यता दिली आणि २०२० मधील शासननिर्णयाने शेतातील राखलेल्या झाडांवरील शेतकऱ्याचा हक्क अधिक स्पष्ट केला. कायदा येथे लोकव्यवहाराच्या मागून चालत आला.

क्रिस रेइज व ग्रे टॅपन या अभ्यासकांनी २००० नंतर हवाई व उपग्रह छायाचित्रांच्या आधारे या बदलाचे मोजमाप केले. त्यांच्या अंदाजानुसार सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर २० कोटींच्या आसपास झाडे वाढली आणि त्यामुळे वर्षाला सुमारे ५ लाख टन अधिक धान्य पिकू लागले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पाऊसमान सुधारले, हेही विसरता येत नाही. मात्र सीमेपलीकडील उत्तर नायजेरियात माती व पाऊस सारखेच असूनही शेतांतील वृक्षसंख्या कमी आढळली. त्यावरून केवळ पावसाने हा बदल घडला नाही, असे म्हणता येते.

मर्यादा :

या यशोगाथेचे उदात्तीकरण करणे इतिहासाच्या दृष्टीने उचित होणार नाही. झाडाची मालकी जमीनधारकास मिळाली. ज्यांच्या नावे जमीन नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरला. स्त्रियांचे सरपणासाठीचे हेलपाटे कमी झाले, पण जमिनीवरील त्यांचा हक्क दुबळाच राहिला. पाल्यासाठी फांद्या तोडणारे फुलानी पशुपालक आता गुन्हेगार ठरू लागले. काही गावांनी संयुक्त समित्या नेमून यातून मार्ग काढला. सर्वत्र तसे झाले नाही. २००५ मध्ये नायजरला पुन्हा अन्नटंचाई सोसावी लागली. स्वातंत्र्यसमयी तीस-पस्तीस लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या आज अडीच कोटींहून अधिक आहे.

शेजारच्या बुर्किना फासोमधील याकूबा सावाडोगो यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८० च्या सुमारास त्यांनी कडक जमिनीत छोटे खड्डे घेऊन त्यांत शेणखत घालण्याची ‘झाई’ ही पारंपरिक पद्धत सुधारली आणि ओसाड माळावर वन उभे केले. २०१८ मध्ये रिनॉडो यांच्यासमवेत त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. तथापि वाहिगुया शहराच्या विस्तारात त्यांच्याच वनाचा काही भाग निवासी भूखंडांसाठी आखला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. वन निर्माण करणाऱ्याकडे त्या जमिनीचा निर्विवाद हक्क नव्हता.

निष्कर्ष :

नायजरमध्ये झाड नाहीसे होण्यामागे अज्ञानापेक्षा मालकीचा प्रश्न अधिक निर्णायक होता आणि झाड परत येण्यामागे निधीपेक्षा विश्वास. आफ्रिकी संघाने २००७ मध्ये ‘महान हरित भिंत’ योजना सुरू केली, तेव्हा सेनेगलपासून जिबूतीपर्यंत झाडांची रांग उभारण्याची कल्पना होती. पुढे ती मागे पडून स्थानिक भूवापरावर आधारित पुनरुज्जीवनाचा विचार पुढे आला, त्यात नायजरच्या शेतकऱ्यांच्या अनुभवाचा वाटा मोठा आहे.

साहेलमध्ये दुष्काळ असताना १९७२ मध्ये महाराष्ट्रही होरपळत होता. आपल्याकडेही खासगी जमिनीवरील झाड तोडण्यास १९६४ च्या कायद्याने परवानगीचे बंधन घातले. दोन्ही प्रदेशांची परिस्थिती भिन्न आहे, म्हणून थेट निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंतु बांधावरचे झाड शेतकऱ्याला ठेव वाटते की जोखीम, हा प्रश्न आपल्या पर्यावरणीय इतिहासालाही विचारला पाहिजे. वाळवंटाची सीमा नकाशावर आखली जाते. ती पुढे सरकते की मागे, हे मात्र पुष्कळदा शेतातील एका खुंटाशी उभ्या असलेल्या माणसाच्या निर्णयावर ठरते.